लोहाराचे आडनाव

आमच्या सीमाभागात कोणी 'पाटील' म्हणून ओळख करून दिली, की लगेच पुढचा प्रश्न येतो, 'कुठले पाटील?' पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत आणि आम्हा जैनांतही आहेत. आडनाव एक, घराणी अनेक.

युरोपात हीच गोष्ट लोहाराच्या आडनावाची. इंग्रजांचे स्मिथ, जर्मनांचे श्मिट, इटालियनांचे फेरारी, पोलिशांचे कोवाल्स्की, रशियनांचे कुझनेत्सोव्ह, या सर्वांच्या मुळाशी लोहार आहे. मध्ययुगात माणसाला बहुधा एकच नाव असे. गावात चार जॉन असले, तर सारा घेणाऱ्या कारकुनाला फरक कसा कळणार? नांगराचा फाळ आणि घोड्याचा नाल यांसाठी गावोगाव लोहार लागेच; म्हणून एक झाला 'लोहार जॉन'. पुढे मुलाने भाता सोडला, तरी नाव चिकटून राहिले.

शब्दांचे प्रवासही पाहण्यासारखे आहेत. लॅटिन 'फाबेर' म्हणजे कारागीर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फेव्र' म्हणत. आज तिथे लोहाराला वेगळाच शब्द आहे. 'फेव्र' उरला तो 'लफेव्र' या आडनावात. लॅटिनची आठवण म्हणून लेखनिकांनी त्यात 'ब' घुसवला, पण तो उच्चारत नाहीत. हंगेरियन भाषा स्लाव्ह भाषांच्या कुळातली नव्हे. तरी तिथला 'कोवाच' स्लाव्ह भाषांतून आला.

पोर्तुगीज 'फेरेरा' मात्र स्थळावरून पडले : लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेली जागा. गोव्यात धर्मांतराच्या वेळी अनेकांना पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. तेव्हा गोव्यातल्या फेरेरांच्या पूर्वजाने घण उचलला असेलच असे नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या कित्येक श्मिट कुटुंबांनी जर्मनद्वेषाच्या धास्तीने 'स्मिथ' हे नाव घेतले. अर्थ तोच राहिला, ओळख बदलली.

आपल्यापैकी अनेकजण सध्या कुळवृत्तांत जमवीत आहेत. त्यांना एवढेच सांगणे : आडनाव कधी पूर्वजाचे काम सांगते, कधी गाव, तर कधी नुसती लिहून घेणाऱ्याची मर्जी. रक्ताचे नाते ते सांगत नाही. केवळ आडनाव जुळले म्हणून दोन घराणी एका वंशवृक्षावर चढवू नयेत. आधी घरातली जुनी खतपत्रे आणि देवळातले दानलेख वाचावेत. नाते तिथे सापडले, तरच रेघ ओढावी.