मधली पायरी

संगणकाला एकच काम मोजून करायला लावायचं तर तीन आकडे सांगावे लागतात: सुरुवात, शेवट आणि दर फेरीला किती पुढे सरकायचं ती पायरी. ते कोणत्या क्रमाने सांगायचे, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला मॅटलॅब या गणिती भाषेने. तिथे १:२:९ लिहिलं की १, ३, ५, ७, ९ मिळतात. पायरी मध्ये! पायथॉन भाषेच्या 'रेंज'मध्ये मात्र ती शेवटी.

सुरुवात करू १९५७च्या फोरट्रान या भाषेपासून. तिच्या 'डू' लूपमध्ये, म्हणजे फेऱ्या मारायला लावणाऱ्या सूचनेत, आधी सुरुवात, मग शेवट, मग पायरी. पायरी एकची असेल तर लिहायचीच नाही. गाळता येणारी गोष्ट शेवटी ठेवलेली बरी, हे साधं व्यवहारज्ञान. मग ती मध्ये खुपसायची बुद्धी कोणाला झाली?

झुरिकच्या हाइन्झ रूटिसहाउसरांना. १९५० साली तिथल्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाने कोनराड त्सूझेंचं झेड-४ हे संगणकयंत्र भाड्याने आणलं, आणि त्याच सुमारास या गणितज्ञाने यंत्राकडूनच प्रोग्राम तयार करून घ्यायची योजना मांडली. तिच्यातला लूप जर्मन 'फ्यूर'ने सुरू होतो (आजच्या 'फॉर'चा हा आजोबा) आणि पुढे येतं: आय = १(१)एन. पायरी कंसात, दोन टोकांच्या मधोमध.

हा कंस गणिती कोष्टकांतला आहे. छापील कोष्टकांचं वर्णन करताना क्ष = ०(०.१)५ असं लिहीत: शून्यापासून पाचपर्यंत, ०.१च्या टप्प्याने. फॉर लूपची पहिली ओळ म्हणजे कोष्टकाचा मथळा, असं माझं ठाम मत आहे. यावर कोणी म्हणेल, गणितात बेरजेचं सिग्मा चिन्ह होतंच की. होतं, आणि 'आय' हे अक्षर तिथूनच आलं असावं. पण सिग्माच्या खाली-वर फक्त दोन टोकं लिहितात. पायरीला तिथे जागाच नाही.

१९५८ साली झुरिकलाच युरोपीय आणि अमेरिकी मंडळी एक सामायिक प्रोग्रामिंग भाषा ठरवायला बसली. रूटिसहाउसर त्यांत होते. तिथे ठरलेल्या अल्गोल ५८ या भाषेत हा कंस जसाच्या तसा आहे. तिच्या पुढच्या आवृत्तीने, अल्गोल ६०ने, तो काढून 'स्टेप' आणि 'अंटिल' हे शब्द घातले. फंक्शनच्या कंसाशी गल्लत होत असणार, हा माझा तर्क. पण शब्द आले तरी पायरीने मधली जागा सोडली नाही.

पुढे १९६४ला डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा जन्मली ती संकरितच: 'फॉर' अल्गोलच्या घरचा, क्रम फोरट्रानच्या घरचा, 'स्टेप' शेवटी. सी भाषेने तीन आकड्यांऐवजी तीन पदावल्याच मागितल्या, त्यामुळे ती या वादाबाहेर.

राहता राहिली मॅटलॅब. क्लीव्ह मोलर यांनी ती पहिल्यांदा लिहिली फोरट्रानमध्ये, म्हणजे घरातला क्रम पायरी शेवटी ठेवणारा. पण तिच्या पोटातलं आइसपॅक हे गणिती संकलन मुख्यतः विल्किन्सन आणि राइन्श यांच्या पुस्तकातल्या अल्गोल प्रक्रियांचं भाषांतर. त्या प्रक्रियांत लूप कसे? 'स्टेप १ अंटिल एन'. १:९ला पायरी नंतर सहज चिकटवली असती, तर १:९:२ झालं असतं. मोलरांच्या हातून ती मध्ये गेली ती कोष्टकवाल्यांच्या जुन्या सवयीने, यावर मी पैज लावायला तयार आहे.