टायटॅनियमच्या सोनेरी कातडीची कुळकथा

२ डिसेंबर १८५२ रोजी गोरखपूर आणि फैजाबाद यांच्या दरम्यान, बस्तीजवळ, आकाशातून एक दगड पडला. दगड लंडनला पोहोचला आणि ब्रिटिश म्युझियमच्या नेव्हिल स्टोरी-मास्कलिन यांना त्यात सोनेरी रंगाचे बारीक अष्टफलक स्फटिक दिसले. दगड पाठवणाऱ्या जॉर्ज ऑस्बॉर्न यांच्या नावावरून १८७० मध्ये त्यांनी या खनिजाला ऑस्बॉर्नाइट म्हटलं. ते टायटॅनियम नायट्राइड आहे, हे क्ष-किरणांच्या मदतीने ठरायला १९४१ साल उजाडलं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्यांत ड्रिलच्या टोकावर जो सोनेरी थर दिसतो, तो हाच पदार्थ.

पण त्याआधीही त्याने एकदा माणसाला चकवलं होतं. वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या लोखंडाच्या भट्टीतल्या मळीत तांबूस चकाकीचे घन स्फटिक सापडत. विल्यम वोलास्टनसारख्या कसलेल्या रसायनज्ञाने १८२३ मध्ये ते शुद्ध टायटॅनियम म्हणून जाहीर केले. पाव शतकानंतर फ्रीडरिश व्होलरने दाखवून दिलं, की त्यात नायट्रोजन आणि कार्बन ठासून भरलेले आहेत. वोलास्टनला हसण्याचं कारण नाही. तापलेलं टायटॅनियम हवेतला मिळेल तो वायू गिळतं. शुद्ध नायट्रोजनमध्येही ते चक्क जळतं, आणि असं करणारे धातू फार थोडे.

या हावरटपणामुळे धातू हाती यायलाच शतक गेलं. विल्यम ग्रेगरने कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत १७९१ मध्ये हे मूलद्रव्य ओळखलं; तशी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. बऱ्यापैकी शुद्ध टायटॅनियम मात्र मॅथ्यू हंटरने १९१० मध्ये, पोलादी भांडं हवाबंद करून मिळवलं. पुढे लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोलने मॅग्नेशियम वापरून कारखान्याला परवडेल अशी रीत बसवली.

विमानवाल्यांनी या धातूला डोक्यावर घेतलं. पोलादाच्या मानाने जेमतेम साठ टक्के वजन, ताकद भरपूर, गंज नाही. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू १९५४ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला आणि आजही सर्वांत जास्त तोच खपतो. पण त्याची एक खोड फिटरला लगेच कळते. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की चिकटतं. पृष्ठभागावरची ऑक्साइडची पातळ साय घासून निघते, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो, लचके तुटतात आणि बोल्ट जाम होतो.

औषध रोगातच होतं. वायू गिळण्याची हाव आहे ना, मग मोजून गिळू द्या. ऑक्सिजन आणि ओल कटाक्षाने बाहेर ठेवून साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सिअसला तासन्‌तास नायट्रोजन दिला, की वर काही मायक्रॉनची नायट्राइडची कातडी धरते आणि खाली नायट्रोजन मुरलेला धातू राहतो. मूळ मिश्रधातूची विकर्स कठीणता साडेतीनशेच्या आसपास. कातडीची दोन हजारांच्या घरात. झाशी संस्थानातलं मऊरानीपूर लाल खारव्याच्या कापडासाठी नावाजलेलं होतं; तिथले रंगारी आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल रंग तुरटीच्या साहाय्याने धाग्यातच बसवत, वरून फासत नसत. नायट्रोजन मुरवण्याच्या या रीतीचं, म्हणजे नायट्रायडिंगचं, तसंच आहे.

मात्र इतक्या उष्णतेने धातूचे कण वाढतात आणि पुन्हा पुन्हा ताण सोसण्याची शक्ती घटते. विमानाच्या भागाला हा सौदा परवडत नाही. त्यावर तोड म्हणून कमी तापमानातही चालणारं प्लाझ्मा नायट्रायडिंग आलं. निर्वात भांड्यात वस्तूला वीजभार द्यायचा आणि विरळ, चमकत्या वायूतले आयन तिच्यावर आदळवायचे. जर्मनीत बर्नहार्ड बर्गहाउसने १९३० च्या दशकात पोलादासाठी ही वाट पाडली. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने तिचा उद्योगांत प्रसार केला. भोसरीतला सोनेरी थर मात्र निराळ्या जातीचा. तो निर्वातात वाफेतून वर बसवलेला असतो आणि बहुतेकदा पोलादावर किंवा कार्बाइडवर. खाली भक्कम आधार असल्यामुळे तो तिथे शोभतो.

मऊ धातूवर नुसती कडक कातडी पुरत नाही, याचा धडा खुब्याच्या सांध्याने दिला. १९७० आणि ८० च्या दशकांत काही कृत्रिम सांध्यांचे गोळे टायटॅनियमचे होते. ते झिजले, ओरखडले आणि आसपासचं ऊतक काळं पडलं. नायट्रोजनचे आयन रोवून, नायट्राइडचा थर देऊन पाहिलं. झीज कमी झाली, पण कातडी फाटली की तिचेच कठीण कण गोळा खरवडू लागत. आज कृत्रिम खुब्याचा दांडा बहुधा टायटॅनियमचा असतो, गोळा मात्र कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा.