हिशेबात न मावणारा दिवस

फ्रान्समध्ये एक वर्तमानपत्र चार वर्षांतून एकदाच निघते. 'ला बुजी द्यु सापर' हे त्याचे नाव. पहिला अंक २९ फेब्रुवारी १९८० रोजी आला आणि बारावा २०२४ साली. हे नाव आले आहे सापर कामांबेर या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकथेतल्या भाबड्या सैनिकावरून. त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा.

या तारखेला जगात कुठेही मोठा सण नाही. सरकारी सुट्टीच्या यादीत ती सापडत नाही. तरीही तिच्याभोवती जितके समज, संकेत आणि छोटे उत्सव गोळा झाले आहेत, तितके क्वचितच एखाद्या साध्या तारखेच्या वाट्याला आले असतील.

मूळ अडचण आकाशातली. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटे लागतात. हे वरचे तास कुठे मांडायचे? जुन्या रोमन पंचांगात वर्ष ३५५ दिवसांचे होते. तूट भरून काढायला तिथेही अधिक महिना असे आणि तो फेब्रुवारीच्या शेवटाकडेच घातला जाई. तो कधी घालायचा हे धर्माधिकारी ठरवत. मर्जीतल्या माणसाची सत्ता लांबवायची असली की वर्ष लांबे, नको असलेल्याची आटोपायची असली की महिना गाळला जाई. ज्युलियस सीझरने हा कारभार मोडला. अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने इसवी सनपूर्व ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे करून त्याने हिशेब जुळवला आणि पुढे दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा नियम केला.

पण तो दिवस २९ फेब्रुवारी नव्हता. रोमन लोक २४ फेब्रुवारी हीच तारीख दोनदा मोजत. या पद्धतीची छाया पुढे शतकानुशतके राहिली. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याने वाढीव दिवस आणि त्याच्या आधीचा दिवस मिळून एकच दिवस धरला होता. दिवस उगवे, मावळे, पण कायद्याच्या लेखी त्याला वेगळे अस्तित्व नसे.

सीझरचा नियमही वर्षाला सुमारे ११ मिनिटे चुकत होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. शतकी वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप, हा नियमही तेव्हाचाच.

हा बदल सगळ्यांनी एकदम मान्य केला नाही आणि त्याचा गोंधळ आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. पोर्तुगालने नवी दिनदर्शिका लगेच घेतली, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनीलाच धरून होते. १६६५ मध्ये मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे आली, तेव्हा तिथल्या सरकारी कागदांवरची तारीख दहा दिवस मागे गेली. १७०० साली तर मुंबईतल्या इंग्रजांच्या दप्तरात २९ फेब्रुवारी आला आणि गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरात आलाच नाही.

स्वीडनची तऱ्हा त्याहून न्यारी. तिथे लीप दिवस एकेक करून गाळत नव्या गणनेवर जायचे ठरले. १७०० चा दिवस गाळला, पण युद्धाच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ चे तसेच राहिले. अखेर जुन्याच गणनेवर परतण्यासाठी १७१२ मध्ये स्वीडनने चक्क ३० फेब्रुवारी पाळला.

अशा उपऱ्या दिवसाला लोकांनी नेहमीचे नियम लावले नाहीत. आयर्लंडमधली दंतकथा सांगते की, लाजऱ्या पुरुषांची वाट बघून मुली कंटाळतात अशी तक्रार संत ब्रिजिडने संत पॅट्रिककडे केली आणि लीप वर्षात मुलींनी मागणी घालायची मुभा मिळवली. स्कॉटलंडच्या राणी मार्गारेटने १२८८ मध्ये तसा कायदाच केला, असेही सांगतात. प्रत्यक्षात ही राणी तेव्हा पाच वर्षांची होती आणि नॉर्वेत राहत होती. फिनलंडमध्ये २९ फेब्रुवारीला नकार देणाऱ्या पुरुषाने त्या मुलीला झग्याचे कापड द्यावे, असा संकेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यावर पोस्टकार्डे निघाली. त्यांत बायका जाळी घेऊन पुरुषांच्या मागे धावताना दिसतात. एका दिवसाची मुभासुद्धा थट्टेवारी नेणाऱ्या त्या चित्रांतून उरलेल्या चार वर्षांतले स्त्रीचे स्थान नेमके कळते.

ग्रीसमध्ये उलटा समज आहे. लीप वर्षात लग्न केलेले लाभत नाही, म्हणून अनेक जोडपी ते टाळतात. हे ऐकून मराठी वाचकाला अधिक महिना आठवेल. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी आपल्याकडे एक महिना वाढतो. त्यात लग्न, मुंज, वास्तुशांत होत नाही. पण त्याच धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढतात, तेहतीस अनारशांचे वाण देतात. मंगलकार्याला नको असलेला काळ दानाला आणि नात्यांना मात्र हवासा, ही सोय आपल्या समाजाने मोठ्या समजुतीने केली आहे.

या तारखेला जन्मलेल्यांचे वेगळेच. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, म्हणून त्यांचा पहिला खरा वाढदिवस १९०४ साली, वयाच्या आठव्या वर्षी आला. नेमक्या त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ रोजी, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजींनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारले आणि त्यांनी नम्रपणे नकार दिला.

अमेरिकेत टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर अँथनी नावाचे गाव आहे. तिथे १९८८ पासून या दिवशी जन्मलेल्यांचा मेळा भरतो. लांबलांबून माणसे येतात, एकत्र वाढदिवस करतात.

या दिवसाचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र अलीकडचा आहे. युरोपातल्या रुग्णसंघटनांनी २९ फेब्रुवारी २००८ रोजी पहिला दुर्मीळ आजार दिवस पाळला. क्वचित आढळणाऱ्या आजारांसाठी क्वचित येणारी तारीख त्यांनी जाणूनबुजून निवडली. पण या रुग्णांना चार वर्षे थांबून चालत नाही. म्हणून एरवी हा दिवस २८ फेब्रुवारीला होतो. भारतातही त्या दिवशी रुग्णांचे आईवडील आणि डॉक्टर एकत्र येतात, आजाराचे लवकर निदान व्हावे आणि महागडी औषधे परवडावीत, अशी मागणी करतात.