ग्रंथकार आणि वर्गणीदार

ग्रंथ लिहिणे हे एक काम, तो छापणे हे दुसरे, आणि ज्याच्यासाठी तो लिहिला त्याच्या हाती पोचविणे हे तिसरे. स्वतःच्या हिमतीवर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाची खरी कसोटी या तिसऱ्या कामात लागते. गेल्या दीडशे वर्षांत मराठी ग्रंथकारांनी या कामासाठी जे मार्ग शोधले, त्यांचा वृत्तांत ग्रंथांच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथकाराचा मुख्य आधार सरकार हाच होता. विद्याखाते पाठ्यपुस्तके करवून घेई आणि ती शाळांतून खपत. दक्षिणा प्राइझ कमिटी ग्रंथांस बक्षिसे देई. या आश्रयामुळे मराठी गद्यास बळ आले, यात शंका नाही. परंतु कोणता ग्रंथ आश्रयास पात्र, हे आश्रयदाताच ठरवीत असे. ज्याला त्याच्या मर्जीबाहेरचे काही सांगावयाचे होते, त्याला थेट वाचकाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर तसे गेले. 25 जानेवारी 1874 रोजी त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. मोठा ग्रंथ एकदम छापावयाचा तर आरंभीच मोठी रक्कम गुंतवावी लागे. तोच मजकूर महिन्याच्या अंकांतून दिला, म्हणजे वर्गणीदारांच्या पैशावर पुढचे अंक निघत. या पद्धतीस टपालखात्याची जोड मिळाली. 1867 मध्ये आगगाडी मुंबईहून नागपुरास पोचलीच होती. 1877 मध्ये व्ही. पी. ची व्यवस्था सुरू झाली आणि 1880 पासून टपालकचेरीतून मनिऑर्डरी जाऊ लागल्या. पोस्टमनने पुडके द्यावे, किंमत घ्यावी आणि ती ग्रंथकाराकडे रवाना व्हावी, अशी ही सोय. ज्या गावी पुस्तकाचे दुकान नाही, तेथेही टपालवाल्याच्या पिशवीतून दुकान जाऊ लागले.

पण वर्गणी घेणे म्हणजे वचन देणे. रत्नागिरीस बदली झाली तरी शास्त्रीबुवांनी माला सोडली नाही. तिचे 84 अंक निघाले. पुढे त्यांनी चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि पुस्तकविक्रीसाठी किताबखाना या संस्थांच्या स्थापनेत पुढाकार घेतला. लेखन, मुद्रण आणि विक्री ही तिन्ही कामे आपल्या माणसांच्या हाती असावीत, हा त्यामागचा विचार उघड आहे.

मात्र वर्गणी आणि टपाल हे मार्ग ज्याला वाचता येते आणि ज्याच्या गाठीस पैसा आहे, त्याच्यापुरतेच. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्यापाशी बहुधा दोहोंपैकी काहीच नव्हते. म्हणून 1883 च्या सुमारास त्यांनी तो ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनाही ऐकविला. ‘दीनबंधू’ पत्रात आरंभीचा भाग छापून आला, पण पुढे छपाई थांबली. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापला गेला नाही. तरीही तो श्रोत्यांपर्यंत पोचला होता.

वर्गणीच्या मार्गाची सर्वांत कठीण परीक्षा डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी दिली. रायपुरास जन्मलेल्या आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचण्याचे ठरविले. एवढ्या कामास एकट्याची पुंजी पुरणारी नव्हती; म्हणून त्यांनी नागपुरास लिमिटेड कंपनी स्थापून भागभांडवल उभारण्याचा मार्ग धरला. पुढे काम पुण्यास आले. त्या काळी मराठी वाचक मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामाचे राज्य आणि निरनिराळी संस्थाने यांत विखुरलेला होता. त्याला गाठण्यासाठी ज्ञानकोशाची माणसे गावोगाव हिंडली. दुकानदार तयार पुस्तक विकतो. यांना अजून न लिहिलेल्या पुस्तकाचे ग्राहक मिळवावयाचे होते. विकावयाचा होता तो केवळ विश्वास.

तो विश्वास खरा ठरला. 1920 नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे 23 विभाग निघाले. या उद्योगाची हकीकत केतकरांनी 1927 मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली आहे. परंतु आगाऊ आलेला पैसा ग्रंथातच जिरतो; आणि ज्यांना ग्रंथ हवा, ते आधीच ग्राहक झालेले असल्याने पुढच्या विक्रीस फारसे कोणी उरत नाही. वाचकास दिलेले वचन पाळले गेले, पण ते पाळणाऱ्याचे पुढचे दिवस ओढगस्तीतच गेले. 10 एप्रिल 1937 रोजी केतकर पुण्यात निवर्तले.

तथापि त्यांनी घालून दिलेला धडा वाया गेला नाही. त्यांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग प्रसिद्ध केले. आज ज्ञानकोश संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य वाचावयास मिळतो. नव्या लेखकासही आता कागद आणि टपाल यांवाचून वाचकाचे दार गाठता येते. मात्र दार उघडणारा, आणि ग्रंथ पुरा होण्याआधी त्याच्यावर भरवसा ठेवणारा वाचक त्याला आजही स्वतःच शोधावा लागतो.