नैसर्गिक आपत्ती आणि मतदान

पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड यांमुळे ठरल्या दिवशी मतदान घेता न येणे, ते अर्ध्यावर थांबवावे लागणे किंवा मतदाराला केंद्रापर्यंत पोहोचता न येणे. पहिल्या दोन अडचणींवर कायद्यात उपाय आहे. तिसरी अजून बरीचशी मतदाराच्याच अंगावर पडते.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५७ नुसार नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान अशक्य झाल्यास ते तहकूब करण्याचा अधिकार थेट मतदान केंद्राध्यक्षाला आहे. शाळेच्या व्हरांड्यात पुराचे पाणी शिरले तर त्याला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. तहकुबी जाहीर करून तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लगेच कळवतो. नवी तारीख निवडणूक आयोगाच्या मान्यतेने ठरते आणि तिथले मतदान पुरे होईपर्यंत त्या निवडणुकीची मतमोजणी होत नाही. तहकूब मतदान आणि फेरमतदान यांत नेहमी गल्लत होते. तहकूब मतदान थांबले तिथून पुढे सुरू होते. चिन्हांकित यादीत ज्यांच्या नावावर खूण झाली, त्यांना पुन्हा मत देता येत नाही. मतदान यंत्र नष्ट होऊन निकालच लावता येत नसेल, तर कलम ५८ खाली आधीचे मतदान रद्द होते आणि साऱ्यांनी पुन्हा यायचे असते. म्हणून भर पावसात केंद्र सोडताना यंत्राइतकीच ती कागदी यादीही कोरडी राहायला हवी.

आपत्ती मतदानाच्या दिवशीच यावी असे नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकले. माजी मुख्यमंत्री करुणानिधींच्या निधनाने रिक्त झालेल्या तिरुवारूरची पोटनिवडणूक २८ जानेवारी २०१९ ला ठरली होती. मदतवाटपात खंड पडेल या कारणाने आयोगाने ती रद्द केली. ओडिशात मे २०१९ च्या ‘फनी’ वादळावेळी मार्ग उलटा होता : मदतकार्य अडू नये म्हणून किनारी भागातील ११ जिल्ह्यांतली निवडणूक आचारसंहिताच उठवली गेली. पाटकुरा मतदारसंघाचे मतदान मात्र २० जुलैपर्यंत लांबले. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या निवडणुका पावसाळ्यामुळे पुढे ढकलण्याचे आदेश अनेकदा निघाले आहेत.

राजकीय परिणामाचे सर्वांत मोठे उदाहरण पूर्व पाकिस्तानचे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आलेल्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसे गेली असा अंदाज आहे. पाकिस्तानची सार्वत्रिक निवडणूक अवघ्या २५ दिवसांवर होती. ती ७ डिसेंबरला झालीच. वादळग्रस्त भागातील राष्ट्रीय सभेच्या ९ जागांचे मतदान १७ जानेवारी १९७१ ला घेतले. अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. हा विजय वादळाने दिला असे म्हणणे चूक ठरेल. पक्षाच्या स्वायत्ततेच्या सहा कलमी कार्यक्रमामागे लोक आधीच उभे होते. पण प्रेते किनाऱ्यावर पडून असताना मदत वेळेवर आली नाही, हे बंगाली मतदार विसरला नाही.

हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर २८ फेब्रुवारीची निवडणूक २८ नोव्हेंबरवर गेली. तिथे प्रश्न तारखेपुरता नव्हता : असंख्य लोकांची ओळखपत्रे ढिगाऱ्याखाली होती आणि माणसे छावण्यांत.

मतदाराचे नाव पत्त्याशी बांधलेले असते. पत्ताच नाहीसा झाला तर काय, हे केरळात वायनाडमध्ये दिसले. ३० जुलै २०२४ च्या दरडींनी मुंडक्कई-चूरलमला भागात अडीचशेहून अधिक बळी घेतले. १३ नोव्हेंबरच्या लोकसभा पोटनिवडणुकीपर्यंत वाचलेली कुटुंबे जिल्हाभर भाड्याच्या घरांत विखुरली होती. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रे उघडली, मोफत गाड्या सोडल्या. मतदार यादी घरांच्या क्रमाने लावलेली असते, त्यामुळे वाहून गेलेल्या वस्तीतले शेजारी कागदावर शेजारीच राहिले होते. त्या दिवशी केंद्राच्या दारात त्यांतले कित्येक जण दरडीनंतर पहिल्यांदाच एकमेकांना भेटले आणि गळ्यात पडून रडले.