अजरख : कच्छच्या खत्री कारागिरांचा हुनर

ईद किंवा लग्नाच्या खरेदीत 'अजरख' हे नाव आता आपल्या कानावर सारखं पडतं. पण या नावाने विकलं जाणारं सगळंच कापड ठशाने छापलेलं नसतं. म्हणून अजरख कोण बनवतं, कसं बनतं आणि कसं ओळखायचं, ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

ओळख : निळा, लाल, काळा आणि पांढरा हे अजरखचे मुख्य रंग. अरबी 'अज़रक' म्हणजे निळा, त्यावरून हे नाव पडलं असं सहसा मानतात. सिंध आणि कच्छ हे याचे प्रदेश. कच्छमध्ये मुस्लिम खत्री घराण्यांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिथले मालधारी पुरुष लुंगी, पागोटं, चादर म्हणून अजरख वापरत. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळालं.

कृती : बरंचसं सामान आपल्या ओळखीचं आहे. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. जिथे पांढरं ठेवायचं तिथे लाकडी ठशाने चुना आणि डिंक लावतात. काळ्यासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून त्यात चिंचोक्याचं पीठ घालतात; लालसाठी तुरटी वापरतात. मग कापड निळीत बुडवतात आणि धुऊन मंजिष्ठासारख्या लाल रंगात उकळतात. तुरटी लागलेला भागच लाल होतो. पुन्हा पुन्हा धुणं आणि वाळवणं यात कित्येक दिवस जातात.

पाण्याचा प्रश्न : या कामाचा सगळा भार पाण्यावर आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका या जुन्या गावाचं मोठं नुकसान झालं. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. हिरडा आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो, त्यामुळे बाकीचे रंग बिघडू लागले. अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं. त्याचं नाव अजरखपूर.

खरेदी करताना : कापड उलटून बघा. निळीत बुडवलेल्या कापडाची मागची बाजूही निळी दिसते. वरवरच्या स्क्रीन छपाईत ती बहुधा फिकी असते. दोन ठसे जुळतात तिथे किंचित फरक दिसला, तर तो दोष समजू नका, ती हाताची खूण आहे. दोन्ही बाजूंनी छापलेल्या अजरखला 'बिपुरी' म्हणतात. त्यात मेहनत दुप्पट, म्हणून दामही जास्त. पहिल्या धुण्यात थोडी नीळ सुटते, तेव्हा कापड वेगळं, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

स्क्रीन छपाईचं कापड स्वस्त मिळतं आणि ते घेण्यात काही गैर नाही. पण ते अजरख म्हणून, अजरखच्या दामात विकलं गेलं, तर गिऱ्हाईक फसतं आणि कारागिराचा हक्क जातो. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा : हे ठशाचं आहे का, आणि कुठे छापलंय?