कोरं कापड धुतल्यावर ‘ते’ जातं का? एका आकड्याचा इतिहास

माझी मावशी ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देते. पूर्वी त्या जुन्या साड्या-धोतरांच्या असायच्या. आता गिऱ्हाइकांना नवं, छापील सुती कापड हवं असतं, शक्यतो सुरकुत्या न पडणारं. दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांवर आणि मनगटांवर खाजरे चट्टे उठायला लागले. पॅच टेस्टमध्ये फॉर्माल्डिहाइडची अ‍ॅलर्जी निघाली. डॉक्टर म्हणाले, कोरं कापड आधी धुऊन घेत जा. तिने धुतलं. फरक पडला, पण वाफेची इस्त्री फिरवली की पुन्हा खाज. मग मला फोन. “तू केमिस्ट्रीत पीएचडी करतेस ना? मग सांग, धुतल्यावर जातं की नाही जात?”

मला वाटलं, दोन पेपर वाचले की उत्तर मिळेल. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. कारण एका पेपरमधलं ‘फॉर्माल्डिहाइड’ आणि दुसऱ्या पेपरमधलं ‘फॉर्माल्डिहाइड’ ही एकच गोष्ट नव्हती. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कापडात हे आलं कुठून?

सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. घाम, दमट हवा किंवा दाब मिळाला की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात आणि नव्या जागी पुन्हा चिकटतात. यालाच आपण सुरकुती म्हणतो. रेशीम आणि लोकर यांच्यापुढे सुती कापड मागे पडायचं ते यामुळेच.

मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीतल्या फाउल्ड्स, मार्श आणि वुड या रसायनशास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. १९२६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांचे छोटे रेणू पाण्यातून धाग्याच्या आत शिरू द्यायचे आणि मग उष्णता देऊन आतल्या आत त्यांचं रेझिन करायचं. खळ धाग्याच्या वर बसते आणि एका धुण्यात निघते. हे रेझिन धाग्याच्या पोटात बसतं, म्हणून ते टिकतं.

मुद्दा नीट लक्षात घ्या: ते टिकावं म्हणूनच बनवलं होतं. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्रास कधी कळला?

डेन्मार्कमधले त्वचारोगतज्ज्ञ मार्कुसेन यांनी १९५९ मध्ये कापडातल्या फॉर्माल्डिहाइडमुळे होणाऱ्या त्वचादाहावर एक पेपर लिहिला. त्याच्या शीर्षकातच १९३४ ते १९५८ असा काळ दिलेला आहे. म्हणजे पेटंटनंतर काही वर्षांतच रुग्ण दिसायला लागले होते, पण चित्र एकत्र मांडायला पाव शतक गेलं. त्या काळच्या कापडांतून हजारो पीपीएम फॉर्माल्डिहाइड सुटायचं. ओलसर जागी ठेवलेल्या कापडाला माशासारखा वास येतो, अशी तक्रारही असायची. रेझिन हळूहळू फुटत असल्याची ती खूण होती.

इथे रसायनशास्त्र थोडं उलगडू या. कापडात फॉर्माल्डिहाइड दोन प्रकारे असतं. एक मोकळं, म्हणजे प्रक्रियेत उरलेलं. ते पाण्यात सहज विरघळतं. दुसरं बांधलेलं, म्हणजे रेझिनमध्ये अडकलेलं. ओलावा आणि उष्णता मिळाली की हे बंध थोडे थोडे तुटतात आणि नवं फॉर्माल्डिहाइड बाहेर येतं. पहिलं धुण्यात जातं. दुसरं त्यानंतरही सुटत राहतं, आणि वाफेची इस्त्री तर ओलावा आणि उष्णता दोन्ही एकदम देते.

मोजायचं कसं?

१९५३ मध्ये नॅश यांनी एक सोपी रंगपद्धत प्रसिद्ध केली. फॉर्माल्डिहाइड असलेल्या द्रावणात अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन आणि अमोनियम क्षार घातले की पिवळा रंग येतो. तो ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. बी.एस्सी.च्या लॅबमध्येही जमेल असा हा प्रयोग आहे. पण खरी मेख रंगात नाही. कापडातून फॉर्माल्डिहाइड बाहेर कसं काढायचं, त्यात आहे.

जपानने १९७३ मध्ये घरगुती वस्तूंमधल्या घातक रसायनांवर कायदा केला. त्यातल्या चाचणीत कापड ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक तास ठेवतात. अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी मर्यादा ७५ पीपीएम, म्हणजे एक किलो कापडामागे ७५ मिलिग्रॅम. दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत तर ते सापडूच नये. व्यवहारात ही रेषा १६ पीपीएमची धरतात.

अमेरिकेत रूढ झालेली पद्धत वेगळी. बंद बरणीत ५० मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्याच्या वर एक ग्रॅम कापड पाण्याला न लागता टांगायचं आणि बरणी ४९ अंशांवर २० तास ठेवायची. जे वाफेतून सुटून पाण्यात उतरेल ते मोजायचं.

आता तुम्हीच सांगा, दोन्हींचा आकडा सारखा येईल का? पहिली पद्धत मुख्यतः मोकळं फॉर्माल्डिहाइड पकडते. दुसरी रेझिनला फुटायला २० तास देते. त्यामुळे एकच कापड एका पद्धतीत पास आणि दुसरीत नापास होऊ शकतं. ‘धुतल्यावर बरंच गेलं’ आणि ‘धुतल्यावरही सुटतच राहतं’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. माझे तीन आठवडे गेले ते इथे. मी पेपरमधले आकडे वाचत होते, मेथड सेक्शन सोडून देत होते.

पुढे काय झालं?

मोजता यायला लागलं तसा उद्योगही बदलला. युरियाच्या जागी डीएमडीएचईयू हे जास्त पक्के बंध करणारं रसायन आलं. त्यातून खूप कमी फॉर्माल्डिहाइड सुटतं, पण शून्य नाही. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या वेल्च यांनी फॉर्माल्डिहाइडशिवाय, ब्युटेन टेट्राकार्बॉक्सिलिक आम्ल वापरून, सुरकुत्या रोखता येतात हे दाखवलं. ते महाग पडतं म्हणून जुनी पद्धत हटली नाही. २०१० मध्ये अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने १८० वस्तू तपासल्या. त्यातल्या १० वस्तूंत ७५ पीपीएमपेक्षा जास्त फॉर्माल्डिहाइड निघालं, आणि त्यात इस्त्री न लागणाऱ्या कापडांचा भरणा होता.

जपानमधली आणखी एक गोष्ट सांगते. तिथे बाळांचे कपडे बंद पिशवीत विकतात. कारण फॉर्माल्डिहाइड वायुरूपात शेजारच्या कपड्यात शिरतं. कारखान्यात स्वच्छ असलेला कपडा दुकानातल्या फडताळात ‘नापास’ होऊ शकतो.

हे वाचलं आणि मी मावशीला फोन केला. धुतलेले तुकडे कुठे ठेवतेस? “कुठे म्हणजे? त्याच कपाटात, कोऱ्या ताग्यांच्या खाली.”

तर मग उत्तर काय?

मोकळं जातं, बांधलेलं पूर्ण जात नाही. म्हणून मावशी आता कापड एकदा नाही, दोन-तीनदा कोमट पाण्यात धुते, खळखळून काढते, धुतलेलं वेगळ्या खोलीत ठेवते आणि इस्त्री खिडकीपाशी करते. ‘सुरकुत्या पडत नाहीत’ असं दुकानदाराने कौतुकाने सांगितलं की ते कापड घेत नाही. चट्टे कमी झालेत. पूर्ण गेले नाहीत, त्यामुळे डॉक्टरांकडच्या फेऱ्या चालूच आहेत. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुम्हाला असा त्रास असेल तर पॅच टेस्ट करून घ्या, माझ्या लेखावर थांबू नका.

आणि तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी एवढंच: दोन पेपर एकमेकांच्या विरोधात बोलताना दिसले की ‘रिसर्च गॅप’ सापडली म्हणून लगेच उड्या मारू नका. आधी तीन गोष्टी वहीत लिहा. नेमकं काय मोजलं? नमुन्यातून ते बाहेर कसं काढलं? किती तापमानाला, किती वेळ? बऱ्याचदा भांडण निष्कर्षांचं नसतं, बरणीचं असतं.

मावशीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी बरी होती की!” तिच्या हातांपुरतं तरी ते खरं आहे. त्या साड्या गोधडीत जाईपर्यंत शंभरदा धुतलेल्या असायच्या.